जुनं विमान घेताना

मोटारीचं रीडिंग जास्त दिसलं की आपण भाव पाडतो. छोट्या विमानात उड्डाणाच्या तासांवरून केलेला असा हिशेब फसवतो. अनेक सेस्ना १७२ मधल्या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान महिनोन्महिने उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळतं, दमट हवा लागते, गंज चढतो. नियमित उडणाऱ्या विमानाच्या इंजिनात तेलाचा थर टिकतो.

ओव्हरहॉलनंतर इंजिनाचे तास पुन्हा शून्यापासून मोजतात. पंखांचे नाही. प्रत्येक उड्डाणात पंखावर ताण येतो, उतरल्यावर सुटतो. अशा हजारो आवर्तनांनी पंख जोडणाऱ्या बोल्टच्या भोकाशी बारीक चीर सुरू होऊ शकते. २०१८ मध्ये फ्लोरिडात प्रशिक्षणाच्या पायपर विमानाचा पंख अशाच चिरेमुळे हवेत तुटला. दोघांचा जीव गेला. डोळ्यांना न दिसणारी ही चीर एडी करंट तपासणीत सापडते. जास्त तासांचं विमान जरूर घ्या, पण या तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.