सातव्या वर्षाची रजा

‘फर्लो’ हा शब्द मूळचा डच भाषेतला. ‘परवानगी’ हा त्याचा अर्थ. डच सैन्यातून तो इंग्रजांच्या लष्करात शिरला, तेथून हिंदुस्थानातील गोऱ्या अंमलदारांच्या रजेच्या नियमांत आला आणि अखेर पाद्रीसाहेबांच्या बंगल्यापर्यंत येऊन पोहोचला. कलेक्टराची फर्लो आणि मिशनऱ्याची फर्लो यांत मात्र पुष्कळ अंतर होते. कलेक्टर विश्रांतीसाठी जाई. मिशनरी जाई तो आपल्या कामाचा हिशेब देण्यासाठी, नव्या वर्गणीदारांसाठी आणि बहुधा एखाद्या मुलाला मागे ठेवून येण्यासाठी. रत्नागिरीस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे ठाणे 1873 साली बसले. तेव्हापासून दोन-तीन पिढ्या या शहराने हा निरोपाचा सोहळा दर काही वर्षांनी पाहिला.

आरंभीच्या काळात अशी रजा नव्हतीच. जो निघे तो जन्माचा निघे. रत्नागिरी जिल्ह्यात मिशनऱ्यांचे पाऊल प्रथम पडले ते बाणकोटास, 1823 साली. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल तेथे उतरले आणि त्याच वर्षी वारले. अमेरिकन मराठी मिशनचे संस्थापक गॉर्डन हॉल 1813 साली मुंबईस आले, ते पुन्हा मायदेशी गेले नाहीत. 1825 साली मुलांच्या प्रकृतीस्तव त्यांची पत्नी दोन मुलगे घेऊन अमेरिकेच्या गलबतात बसली. थोरला मुलगा वाटेतच समुद्रावर गेला, आणि पुढल्याच वर्षी मार्चमध्ये नाशकाजवळच्या एका खेड्यात हॉल स्वतः पटकीने वारले. ताटातूट झाली ती कायमची. शिडाच्या गलबताने आफ्रिकेला वळसा घालून जावयाचे म्हणजे चार-पाच महिने जात. येण्याजाण्यातच वर्ष संपणार असेल, तर विश्रांतीची गोष्ट कोणी काढावी?

डॉ. जॉन विल्सन यांचे उदाहरण थोडे निराळे आहे. 1829 साली हिंदुस्थानात आल्यावर त्यांनी मराठीचे पहिले धडे बाणकोट-हर्णैच्या बाजूस गिरविले. चौदा वर्षे अखंड काम करून, प्रकृती ढासळल्यावर, 1843 च्या जानेवारीत ते मुंबईहून निघाले. बरोबर धनजीभाई नौरोजी हा ख्रिस्ती झालेला पारशी तरुण होता. ईजिप्त, सिनाई, पॅलेस्टाईन असा प्रवास करीत ते वाटेतच होते, तोच तिकडे स्कॉटलंडचे चर्च दुभंगले आणि विल्सन यांना प्रवासातच आपला पक्ष ठरवावा लागला. ते नव्या फ्री चर्चच्या बाजूस गेले. म्हणजे ज्या घरी जावयाचे ते घर पूर्वीचे राहिलेच नव्हते. 1847 साली परत आले तेव्हा ‘बायबलमधील देश’ या विषयावरचा दोन खंडांचा ग्रंथ छापून झाला होता, आणि धनजीभाईंना एडिंबरोस धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली होती. याला रजा म्हणावयाचे की कामाचा दुसरा हप्ता, हे ज्याचे त्याने ठरवावे.

1869 साली सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई ते युरोप हे अंतर काही आठवड्यांवर आले. मिशनच्या मंडळांनी रजेचे नियम बांधले ते यानंतर. सामान्यतः सात वर्षांच्या आसपास सेवा आणि त्यानंतर वर्षभराची रजा, असा रिवाज पडला. या नियमामागे दोन हेतू होते. एक उघड हेतू प्रकृतीचा. हिवताप, आमांश आणि कोकणातला दमट उन्हाळा यांनी गोरी माणसे खंगत, आणि मेलेल्या मिशनऱ्यापेक्षा रजेवर गेलेला मिशनरी मंडळाला स्वस्त पडे. दुसरा हेतू व्यवहाराचा. नव्या मिशनऱ्याची पहिली दोन वर्षे मराठी शिकून परीक्षा देण्यातच जात. तो खऱ्या उपयोगाचा होई तो तिसऱ्या वर्षापासून. तेव्हा रजा फार लवकर देणे परवडण्याजोगे नव्हते. सातवे वर्ष जमीन पडीक ठेवावी असे बायबलच्या जुन्या करारात सांगितले आहे. मंडळांनी हिशेब मांडला तो वैद्यांचा आणि खजिनदारांचा, पण आकडा तोच निघाला.

तयारीस आरंभ निदान वर्षभर आधी होई. पहिला प्रश्न असे तो जागी कोण बसणार याचा. रत्नागिरी, कोल्हापूर, सांगली, मिरज, कोडोली, वेंगुर्ले अशी या मिशनची ठाणी पसरलेली, आणि माणसे नेहमी अपुरी. वार्षिक सभेत एकाला हलवून दुसरीकडे नेमावे, तर तिसरे ठाणे उघडे पडे. अनेकदा शेजारच्या ठाण्यावरील मिशनऱ्यानेच महिन्या दोन महिन्यांनी फेरी मारावी, एवढ्यावर भागवीत. मग कीर्द-खतावणी पुरी करावयाची, शाळांचे ग्रँटचे कागद लावावयाचे, शिक्षकांचे आणि बायबल-बायांचे पगार कोणाच्या हाती द्यावयाचे ते लिहून ठेवावयाचे. शेवटी किल्ल्यांचा जुडगा राही. कोणती किल्ली कोठारघराची, कोणती औषधांच्या कपाटाची, हे कागदाच्या चिठ्ठ्या बांधून दाखवावे लागे.

घरातली तयारी मड्डमसाहेबांकडे असे, आणि तीच अधिक कष्टाची. कोकणचा पाऊस हा तिचा खरा शत्रू. बंगला रिकामा राहणार म्हणजे पुस्तकांना बुरशी, गाद्यांना कुबट वास आणि दाराच्या चौकटींना वाळवी हे ठरलेलेच. पुस्तके उन्हात वाळवून पत्र्याच्या पेट्यांत भरीत, त्यांत डांबराच्या गोळ्या किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकीत. कपाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवीत, पण त्या वाट्यांत पाणी घालणारा कोणी हवा, तोही नेमावा लागे. गाय, कोंबड्या, टेबलखुर्च्या विकून टाकीत. अशा विक्रीत गावातील वकील-मास्तरांच्या घरी एखादा दिवा किंवा झुलती खुर्ची जाई.

कपड्यांचा प्रश्न तर विनोदीच. सात वर्षे रत्नागिरीत सुती कपड्यांवर काढलेल्या माणसांना न्यूयॉर्कच्या थंडीसाठी लोकरीचे कपडे हवेत. पेटीच्या तळाशी जपून ठेवलेला कोट बाहेर काढावा, तर कसर लागलेली, आणि कसरीतून वाचला असला तरी त्याची तऱ्हा सात वर्षांपूर्वीची. मुलांचे मापच बदललेले. अंगणात अनवाणी हिंडणाऱ्या पोरांना बूट घालून चालण्याची सवय निघण्यापूर्वी काही आठवडे करवावी लागे.

या सगळ्याला वेळेची मर्यादा घालणारी गोष्ट म्हणजे आगबोट. मुंबई आणि कोकणपट्टी यांमधली आगबोटीची वाहतूक मे महिन्याच्या अखेरीस बंद होई, ती पावसाळा ओसरल्यावर पुन्हा सुरू होई. तेवढ्या काळात मुंबईस जावयाचे तर आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावे लागे. कोल्हापुरास रेल्वे आली तीही 1891 साली. लहान मुले आणि पंधरा-वीस पेट्या घेऊन भर पावसात घाट चढण्याची हौस कोणाला असणार? शिवाय जूननंतर अरबी समुद्र खवळलेला. म्हणून बहुतेक कुटुंबे मार्च-एप्रिलात निघत. त्यात दुसरीही सोय होती. उन्हाळा चुके आणि सप्टेंबरात अमेरिकेतील शाळा उघडण्यापूर्वी मुलांची व्यवस्था लावण्यास अवधी मिळे.

बोट रत्नागिरीस धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकी, आणि माणसे, पेट्या, झाडूनसारे सामान पडावांतून तिकडे न्यावे लागे. मंडळीतील माणसे, शाळेच्या मुली, बंगल्यावरची आया, माळी असे सगळे बंदरावर जमत. हार घातले जात, मराठी भजने म्हटली जात. आया बहुधा रडत असे, आणि मुलेही. मुलांचे रडणे अधिक खरे मानावयास हवे, कारण आईबाप घरी चालले होते आणि मुले घर सोडून चालली होती. त्यांनी अमेरिका पाहिलेलीच नसे, किंवा पाहिली असली तर ती आठवत नसे. चुलीपाशी बसून आयेच्या हातची भाकरी खाणाऱ्या मुलाला ‘आपण आता मायदेशी जाणार’ असे सांगितले, तर त्याने काय समजावे?

याच रत्नागिरीत त्या काळी आणखी एक परदेशी कुटुंब होते. ब्रह्मदेशचा राजा थिबा 1886 साली येथे कैदी म्हणून आणला गेला आणि तीस वर्षांनी, 1916 च्या डिसेंबरात, येथेच वारला. त्याच्या वाट्याला सातव्या वर्षाची रजा नव्हती. बंदरावरून निघणाऱ्या बोटीचा भोंगा टेकडीवरच्या त्या महालात ऐकू जात असेल, तर तो कसा ऐकला जात असेल याची कल्पनाच केलेली बरी.

अमेरिकेत पोहोचल्यावर विश्रांती मिळे ती थोडी. वैद्यकीय तपासणी आटोपली की गावोगावच्या चर्चमधून व्याख्याने सुरू होत. म्हणून रत्नागिरीहून निघतानाच एक पेटी निराळी भरलेली असे. तीत पितळेचा तांब्या, बांगड्या, नऊवारी लुगडे, मराठी बायबल आणि जादूच्या कंदिलाच्या काचा असत. या व्याख्यानांवर मिशनचा पैसा अवलंबून असल्यामुळे त्यांत देशाचे चित्र कसे काढले जाई, ही गोष्ट वादाची आहे. वर्गणी सुटते ती दुःख ऐकून. दुष्काळ, बालविधवा, कुष्ठरोगी यांची वर्णने खरी असली तरी ज्या गावात संस्कृत पाठशाळा, वाचनालये आणि वर्तमानपत्रे चालत होती, त्या गावाची ती संपूर्ण हकीकत नव्हे. काही मिशनऱ्यांना हे खटके. बहुतेकांना खटकण्याइतका वेळ नसे. व्याख्यानांतून नवी माणसेही मिळत. कोल्हापुरास मिशनचे काम सुरू करणारे रॉयल वाइल्डर यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली कोल्हापुरातच जन्मला. 1886 साली मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे शंभर विद्यार्थ्यांनी मिशनरी होण्याची प्रतिज्ञा केली, त्यामागे याच तरुणाची खटपट होती.

परतीच्या वेळी कुटुंब बहुधा लहान झालेले असे. मोठी मुले शिक्षणासाठी अमेरिकेत आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात राहत आणि पुढल्या रजेपर्यंत भेट पत्रांतूनच. कोडाईकनाल येथे 1901 साली मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली, तेव्हा हा वियोग काही वर्षे पुढे ढकलला गेला इतकेच. वेंगुर्ले हे गाव तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला तो 1981 साली. तेथील मिशनचे डॉक्टर गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट 1919 च्या ऑगस्टमध्ये वेंगुर्ल्यास जन्मला. त्याचे आजोबाही याच मिशनचे, कोल्हापुरास. कोडाईकनालच्या शाळेत शिकून पंधराव्या वर्षी तो अमेरिकेस गेला. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा तो अध्यक्ष झाला, आणि 1977 साली अमेरिकेचा राजदूत म्हणून दिल्लीस आला. सर्वांचेच असे झाले नाही. दोन्ही देशांत परके वाटणारी पुष्कळ मुले निघाली. 1950 नंतरच्या दशकात रूथ युसीम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी हिंदुस्थानात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास केला आणि अशा मुलांना ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ असे नाव दिले. आईबापांची एक संस्कृती, राहत्या देशाची दुसरी, आणि दोहोंच्या मध्ये त्यांनी आपल्यापुरती उभारलेली तिसरी.

मागे राहणाऱ्यांची बाजू सहसा सांगितली जात नाही. प्रवासखर्च, रजेतील वेतन, मुलांचा भत्ता हे सर्व परदेशी मिशनऱ्याला मंडळाकडून मिळे. त्याच मंडळीत वर्षानुवर्षे राबणाऱ्या मराठी उपदेशकाला यांपैकी काहीच नव्हते. तो आपल्याच देशात होता, त्याला मायदेशी पाठविण्याचा प्रश्न नव्हता, हे उत्तर तर्काला धरून आहे, पण पोटाला धरून नाही. पगारातील तफावत आणि निर्णयातील परकेपणा यांविषयीची कुरबुर मराठी ख्रिस्ती समाजात दीर्घकाळ चालली होती. याच जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1917 साली अहमदनगरच्या मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारावयास घेतला, तो याच अस्वस्थतेतून.

आणि तरीही फर्लोनेच एक गोष्ट नकळत घडवून आणली. साहेब वर्षभर नाही म्हटल्यावर किल्ल्यांचा जुडगा मराठी पाळकाच्या किंवा हेडमास्तरांच्या हाती येई. शाळा चाले, उपासना होई, भांडणे मिटविली जात, कौले शाकारली जात. परत येणाऱ्या कुटुंबाला ठाणे जागच्या जागी सापडे. यात समाधान होते आणि थोडी अडचणही, कारण आपल्यावाचून काम चालते हे कळल्यावर पुन्हा आपली जागा कोणती, हा प्रश्न उभा राही. 1914 व 1939 च्या युद्धांत बोटींचे मार्ग धोक्याचे झाले, रजा लांबल्या, परतणाऱ्यांना आसने मिळेनात, आणि किल्ल्या मराठी हातांत अधिक काळ राहिल्या. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांना परवाने मिळणे कठीण होत गेले. 1970 च्या नोव्हेंबरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली तोपर्यंत अनेक ठाण्यांवरून रजेवर निघालेली कुटुंबे परत आलीच नव्हती. चिठ्ठ्या बांधलेल्या किल्ल्या ज्यांच्या हाती दिल्या होत्या, त्यांच्याच हाती त्या राहिल्या.