रक्तदाब, हृदय आणि वय

“वय झाले की रक्तदाब वाढायचाच, त्यात काळजी ती कसली?” हे वाक्य आमच्या कमरीपेठेतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही पुष्कळदा ऐकतो. ते कितपत खरे आहे, याचा येथे थोडा विचार करू.

आपले हृदय मिनिटास सुमारे ७२, म्हणजे दिवसास एक लाखाहून अधिक ठोके देते. शरीरभर रक्त ढकलण्याचे काम त्याच्या डाव्या जवनिकेकडे असते. हे रक्त धमन्यांच्या भिंतींवर जो जोर करते, तोच रक्तदाब. १८९६ साली इटलीतील रीव्हा-रोची यांनी दंडास बांधावयाची पट्टी तयार केली आणि १९०५ साली रशियातील कोरोत्कॉव्ह यांनी धमनीतील आवाज ऐकण्याची रीत दाखविली. तेव्हापासून दाबाचे वरचा व खालचा हे दोन्ही आकडे सहज मोजता येऊ लागले.

दाब सतत चढा राहिला, तर तालमीतील मल्लाच्या दंडाप्रमाणे जवनिकेची भिंत जाड होते. परंतु मल्लाचा दंड बळ दाखवितो, तर ही जाडी संकट सुचविते. भिंत ताठर झाली म्हणजे रक्त भरून घेण्यास हृदयास अडचण पडते.

आता वयाचा संबंध पाहू. तरुणपणी धमन्या लवचिक असतात व ठोक्याचा जोर झेलतात. वाढत्या वयाबरोबर त्या कडक होतात. म्हणून साधारणतः पन्नाशी-साठीनंतर वरचा आकडा चढत जातो आणि खालचा उतरू लागतो. कडक नळीत रक्त ढकलताना हृदयास अधिक श्रम पडतात. शिवाय दाब फारसा न वाढताही वयोमानाने भिंत काहीशी जाड होऊ शकते. तेव्हा वृद्धाच्या हृदयातील बदल एकट्या आजच्या आकड्याचा नसतो. त्यात वयाचा आणि मागील अनेक वर्षांच्या दाबाचाही वाटा असतो.

म्हणजे वडीलधाऱ्यांचे म्हणणे अर्धेच खरे. वयाबरोबर दाब बहुधा वाढतो; पण तो निरुपद्रवी खास नव्हे. तरुणपणी चढलेला दाब तर पुढे कित्येक वर्षे मुकाट्याने हृदयावर घाव घालीत राहतो. समाधानाची गोष्ट ही की, वेळीच उपचार केल्यास जाड झालेली भिंत पुष्कळ अंशी पूर्ववत होऊ शकते.

दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे-पापड वाढून घेताना हे ध्यानी असावे. हुबळीत १९५७ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. दाब मोजून घेण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. तर विद्यार्थिमित्रहो, आजी-आजोबांना तपासणीस न्याल, तेव्हा आई-वडिलांचाही दाब मोजून घ्या.