सयामचा राजा आणि चार अंशांचं पाणी

जॉन लॉकच्या १६९० सालच्या ग्रंथात एक किस्सा आहे. डच राजदूत सयामच्या राजाला सांगतो, की आमच्याकडे थंडीत पाणी इतकं घट्ट होतं, की त्यावर हत्तीसुद्धा उभा राहील. राजा त्याला सरळ खोटारडा ठरवतो.

राजाला हसण्याआधी आपलं ज्ञान तपासून बघू. उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात, हे आपण शाळेत शिकलो. हवा हा नियम चोख पाळते. समुद्रसपाटीला, ० अंश सेल्सिअसला १ घनमीटर कोरडी हवा साधारण १.२९ किलो भरते. ३० अंशांना १.१६ किलो. तापल्यावर रेणूंची धावपळ वाढते, ते जास्त जागा व्यापतात, घनता घटते. चुलीचा धूर वर जातो तो यामुळेच.

आता पाणी घ्या. ३० अंशांना १ घनमीटर पाणी सुमारे ९९६ किलो. ४ अंशांना जवळजवळ १००० किलो. बदल थोडा, पण नियमाप्रमाणेच. मग आणखी गार केलं तर आणखी जड व्हायला हवं ना? तसं होत नाही. ४ अंशांखाली पाणी उलट हलकं होऊ लागतं, आणि बर्फ तर ९१७ किलोच भरतो. कारण गोठताना रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ऐसपैस, पोकळ रचना करतात. तिची सुरुवात गोठण्याआधीच होते.

याचा परिणाम बघा. थंड प्रदेशातल्या सरोवरात वरचं पाणी गार होऊन खाली बसतं. सगळं पाणी ४ अंशांवर आलं, की त्याहून गार पाणी वरच राहतं आणि तिथेच गोठतं. तळाशी ४ अंशांच्या आसपासचं पाणी उरतं, मासे जगतात. बर्फ पाण्याहून जड असता, तर तो तळाशी साचत गेला असता.

पुढे ह्यूमनं अशाच एका हिंदी राजाची बाजू घेतली. अनुभवाबाहेरच्या गोष्टीला भक्कम पुरावा मागणं रास्तच, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं. पण सयामचा राजा पुरावा मागायला थांबलाच नाही. आपल्या हवामानातला नियम त्यानं हॉलंडलाही लावून टाकला.

तेव्हा कुठलंही सरसकट विधान ऐकलंत, की एवढंच विचारा: हे कुठपासून कुठपर्यंत तपासलंय?