निळूभाऊंची खालची पापणी

तैलचित्राची सुरुवात डोळ्यांपासून करू नये, असं जाणकार सांगतात. आधी डोक्याचा मोठा आकार, मग छाया आणि प्रकाश यांचे ढोबळ भाग, आणि डोळे सर्वांत शेवटी. हा नियम मी इतरांच्या चेहऱ्यांसाठी पाळतो. नट निळू फुले यांचा चेहरा समोर आला की हात थेट त्यांच्या खालच्या पापणीकडे जातो. गेल्या चौदा वर्षांत मी निळूभाऊंची नऊ तैलचित्रं केली, सगळी छायाचित्रांवरून, आणि प्रत्येक वेळी माझा अर्ध्याहून अधिक वेळ त्या दोन पापण्यांनीच खाल्ला.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते जत्रेतल्या तंबूत. माझी आत्या सातारा भागातली. पडद्यावर ते दिसले की बाया बोटं मोडायच्या, त्यात आत्या पुढे असायची. ते काही बोलण्याआधीच तंबूत कुजबुज सुरू व्हायची, कारण त्यांनी नुसतं बघितलेलं असायचं. मान जागच्या जागी, बुबुळं मात्र कोपऱ्याला सरकलेली, आणि खालची पापणी किंचित वर चढलेली. वरची पापणी मिटली तर माणूस झोपाळू दिसतो. खालची चढली तर तो हिशेब करतोय असं वाटतं. हा फरक मला चित्र काढायला लागल्यावर, फार उशिरा समजला.

माझ्याकडचं पहिलं छायाचित्र ६×८ इंचांचं होतं. कृष्णधवल, टोपी घातलेला पाटील, चेहरा थोडा वळलेला. त्यावर पारदर्शक कागद ठेवून अर्ध्या इंचाच्या चौकटी आखल्या, आडव्या बारा आणि उभ्या सोळा, म्हणजे १९२ घरं. १८×२४ इंचांच्या कॅनव्हासवर तेवढीच घरं दीड दीड इंचाची, कोळशाने, अगदी हलकी. नाक ज्या घरात आहे त्याच घरात आलं पाहिजे. याला काही मंडळी नक्कल म्हणून नाकं मुरडतात. राजा रविवर्म्यानेही छायाचित्रांचा आधार घेतला होता, एवढंच त्यांना सांगावंसं वाटतं. चौकटी फक्त जागा दाखवतात. त्या जागी काय भरायचं, हे काम चित्रकारालाच करावं लागतं.

शिवाय छायाचित्र फसवतंही. कॅमेऱ्याला एकच डोळा. जवळून आणि रुंद भिंगाने घेतलेल्या फोटोत नाक मोठं होतं, कान मागे पळतात. गडद भागांत काळ्याशिवाय काही उरत नाही. समोर बसलेल्या माणसाच्या गळ्याखालच्या सावलीत मात्र तांबूस, निळसर, कितीतरी असतं. म्हणून मी एकाच चेहऱ्याची पाच-सहा छायाचित्रं भोवती लावून ठेवतो. रंगवतो एकावरून, बाकीच्यांना विचारत राहतो.

कृष्णधवल फोटोवरून त्वचेचा रंग आणणं हा तर वेगळाच आनंद आहे. आधी बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळा चेहरा एकाच रंगात उभा करायचा. तो वाळला की वरचे थर, आणि प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा अधिक तेलकट. उलटं केलं तर वरचा रंग आधी सुकतो, खालचा मागाहून आक्रसतो आणि तडे जातात. कपाळाला यलो ऑकरचा पिवळेपणा, नाकाच्या शेंड्याला, गालांना नि कानांना लाईट रेड, हनुवटीवर खुंटांमुळे येणारी हिरवट राखाडी छटा. टोपी पांढरी म्हणून तिथे पांढरा रंग फासला की ती कागदाची दिसते. सावलीत ती निळसर करडी आणि कपाळाजवळ त्वचेची ऊब घेऊन थोडी पिवळी हवी.

आता डोळा. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पांढरा नसतो. वरच्या पापणीची सावली त्यावर पडते आणि कोपऱ्यात तो गुलाबी-करडा होतो. खालच्या पापणीला जाडी असते, तांदळाच्या दाण्याच्या कडेइतकी, आणि त्या कडेवर ओलावा असतो. ती कड रंगवली नाही तर डोळा चेहऱ्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. निळूभाऊंच्या बाबतीत या कडेच्या खाली एक मऊ फुगीर घडी आहे. ती वर सरकली की डोळा अरुंद होतो आणि त्यात तो सुप्रसिद्ध पाटील येऊन बसतो. बुबुळातला चमकता ठिपका दोन्ही डोळ्यांत प्रकाशाच्या एकाच दिशेला हवा. स्टुडिओतल्या छायाचित्रात दोन दिव्यांचे दोन ठिपके येतात. मी त्यातला एक काढून टाकतो, कारण दोन ठिपक्यांनी नजर विखुरते. चित्र आरशात धरून पाहिलं की चुका आपण होऊन पुढे येतात.

नाटक-सिनेमासाठी रंगवण्याचा वारसा आपल्याकडे जुना आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवता रंगवता महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला. त्याच गावच्या जी. कांबळे यांनी चित्रपटांचे भव्य फलक रंगवले आणि शिवछत्रपतींचं घरोघरी पोचलेलं चित्रही. मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवतच पुढे आले. मग फ्लेक्स आला आणि रस्त्यावरचे रंगवलेले चेहरे गेले.

पण मला पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराबद्दल अधिक बोलायचं आहे. १९६८ मध्ये उघडलेल्या या रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी केलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं. नाटकाच्या मध्यंतरात लोक चहाकडे धावतात, मी त्या चित्रांकडे. नटाचं चित्र काढायचं म्हणजे नक्की कोणाचं काढायचं, या प्रश्नाला देऊसकरांनी दोन कॅनव्हासांनी उत्तर दिलं आहे. एकाच चित्रात दोघांना कोंबण्याचा हट्ट त्यांनी केला नाही. नटाच्या चित्रांबद्दल इतका शहाणा निर्णय मी दुसरा पाहिलेला नाही.

तो प्रश्न माझ्यापुढे आत्यामुळे आला. पहिलं चित्र पूर्ण करून मी बाहेरच्या खोलीत लावलं होतं. आत्या दारातून आत आली, भिंतीकडे बघितलं आणि तिचा हात आपोआप पदर सावरायला गेला. मग म्हणाली, "ह्या मेल्याला कशाला घरात आणलास रं?" मला मिळालेली ती सर्वांत मोठी पावती. त्या रात्री झोप मात्र लागली नाही. भिंतीवर पाटील होता. पुण्यात सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून काम केलेला, राष्ट्र सेवा दलात घडलेला, 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने घराघरात पोचलेला माणूस त्यात कुठेच नव्हता.

म्हणून पुढची चित्रं. 'सामना'मधला हिंदुराव धोंडे पाटील केला. डॉ. श्रीराम लागूंच्या मास्तरांसमोर हळूहळू ढासळत जाणारा तो सत्ताधीश, जब्बार पटेलांच्या ज्या चित्रपटाने १९७५ मध्ये बर्लिन महोत्सवाची स्पर्धा गाठली त्यातला. ढासळलेल्या हिंदुरावाची खालची पापणी सैल पडलेली आहे, हे रंगवताना दिसलं. 'सिंहासन'मधला दिगू टिपणीस केला, तेव्हा बुबुळं कोपऱ्यातून मधोमध आली. सगळ्यांचं राजकारण बघत हिंडणाऱ्या त्या पत्रकाराची नजर सरळ आहे आणि दमलेली आहे. त्याच चेहऱ्याचे, त्याच स्नायूंचे हे तीन वेगळे डोळे. अभिनय कशाला म्हणतात हे मला समीक्षेच्या पुस्तकांपेक्षा या चौकटींनी जास्त शिकवलं.

नववं चित्र भूमिकेबाहेरच्या निळूभाऊंचं. १३ जुलै २००९ रोजी ते गेले, त्याआधीच्या काळातलं एक छायाचित्र मिळालं. साधा सदरा, पांढरे केस, खिडकीचा उजेड डावीकडून. इथे पापणी ना चढलेली, ना सैल. ती नुसती आहे, आणि तेच सर्वांत अवघड. तीनदा खरवडून पुन्हा रंगवली. चौथ्यांदा आत्याला खुर्चीवर बसवलं. नव्वदीजवळ आलेली आत्या बराच वेळ बघत राहिली, पदराला हात न लावता.

"हा कोण रं?" तिने विचारलं. "चांगल्या घरचा दिसतोय."

चित्राला अजून वार्निश दिलेलं नाही. जाड थर पुरते वाळायला सहा महिने तरी द्यावे लागतात.