गोळी घेतली आणि बरा झाला!

२०२१च्या उन्हाळ्यात करोनाची दुसरी लाट जोरात होती. शहराचे नाव तेव्हा औरंगाबादच होते. येथील एका परिचित शिक्षकांनी आम्हाला फोनवर विचारले, "घरातल्या पाचही जणांना करोना झाला. सर्वांनी आयव्हरमेक्टिन घेतले, सर्व बरे झाले. मग तुम्ही शास्त्रज्ञ वाद कसला घालता?" प्रश्न रास्त होता. फोनवर त्याचे उत्तर नीट देता आले नाही, म्हणून ते येथे देत आहोत.

आयव्हरमेक्टिन हे मुळात जंतांचे औषध. जपानमधील मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून त्याचा शोध लागला आणि त्याबद्दल कॅम्पबेल व ओमुरा यांना २०१५चे नोबेल पारितोषिक मिळाले. एका रोगासाठी मान्यता मिळालेले औषध दुसऱ्याच रोगासाठी देणे, याला 'ऑफ-लेबल' वापर म्हणतात. त्यात मुळात वावगे काही नाही. नव्या रोगाची साथ आली की नवे औषध घडवायला वेळ नसतो, तेव्हा कपाटातली जुनी औषधे तपासून पाहायलाच हवीत. वाद आहे तो तपासण्याआधीच सरसकट वाटण्याबद्दल.

१० मे २०२१ रोजी गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी नेमके हेच जाहीर केले: १८ वर्षांवरील सर्वांना, लक्षणे असोत वा नसोत, रोज १२ मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन, पाच दिवस. दुसऱ्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनी आठवण करून दिली, की चाचण्यांखेरीज हे औषध कोविडसाठी वापरू नये, असा संघटनेचा सल्ला आहे. औषधाबद्दलची आशा निर्माण झाली होती ती २०२० मधील मेलबर्नच्या एका प्रयोगातून. तेथे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये या औषधाने विषाणूची वाढ रोखली. पण त्यासाठी वापरलेली मात्रा नेहमीच्या गोळीने रक्तात पोचते त्याच्या कितीतरी पट होती. (बशीतला विषाणू साबणानेही मरतो!)

आता 'घेतली आणि बरा झाला' याकडे वळू. हे गणित त्याआधी गाजलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरून चांगले कळते. हे औषध हिवताप आणि संधिवाताचे. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने ते आरोग्यसेवकांना व रुग्णाच्या घरच्यांना प्रतिबंधक म्हणून सुचवले. एप्रिलमध्ये धारावी-वरळीत ते वाटण्याचा विचार मुंबई महापालिकेने केला होता, मग तो थांबवला. ब्रिटनमध्ये मात्र 'रिकव्हरी' या चाचणीत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णालयातील रुग्णांचे दोन गट केले गेले. औषध मिळालेल्या १५६१ जणांपैकी ४२१ जण २८ दिवसांत दगावले. म्हणजे ११४० जण वाचले, आणि त्यातला प्रत्येक जण शपथेवर सांगू शकला असता की या गोळीने मला वाचवले. पण औषध न मिळालेल्या ३१५५ पैकी ७९० दगावले. टक्केवारी काढा: औषध घेणाऱ्यांत २७, न घेणाऱ्यांत २५. न घेणाऱ्यांची ही संख्या हाती नसती, तर ११४० साक्षीदारांपुढे कोणाचे काही चालले नसते.

मग औषधाने दोन टक्के जास्त मारले का? तसेही म्हणता येत नाही. वर्गात निम्म्या मुलांना गूळ द्या, निम्म्यांना देऊ नका, आणि सर्वांना दहा-दहा वेळा नाणे उडवायला सांगा. दोन्ही गटांचे छाप क्वचितच सारखे येतील. एवढा फरक योगायोगानेही पडतो.

याच चाचणीने जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुने स्टेरॉइड उपयोगी ठरवले. कृत्रिम श्वसनावरील रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले. ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांना मात्र काहीच फायदा दिसला नाही. बातमीचा पहिला भाग घरोघरी पोचला, दुसरा पोचला नाही. स्टेरॉइडने रक्तातील साखर चढते आणि प्रतिकारशक्ती दबते. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, रुग्ण वाढले त्यात मधुमेह आणि स्टेरॉइड यांचा मोठा वाटा होता. मराठवाड्यातही असे रुग्ण आले.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि आयव्हरमेक्टिन ही दोन्ही औषधे सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय उपचारसूचनांतून वगळण्यात आली.

त्या शिक्षकांच्या घरी आयव्हरमेक्टिनच्या पाकिटासोबत कोणाच्या तरी सांगण्यावरून डेक्साच्या गोळ्याही आल्या होत्या. ऑक्सिजन पाचांपैकी कोणालाच लागला नव्हता. वडिलांची साखर साडेतीनशेच्या वर गेली होती. हे त्यांनी फोन ठेवता ठेवता, सहज म्हणून सांगितले.