राजपुत्र की तोतया?

बाराव्या शतकातील नॉर्वेत राजपुत्र म्हणवून घेणाऱ्यांची वानवा नव्हती. जुन्या प्रथेनुसार राजाच्या औरस-अनौरस अशा कोणत्याही पुत्राला गादीवर हक्क सांगता येई. परिणामी ११३० पासून देशात यादवी माजली. या यादवीतून सिंहासनापर्यंत पोहोचलेला सर्वांत विलक्षण पुरुष म्हणजे स्वेरे सिगुर्डसन.

त्याची कहाणी ‘स्वेरेच्या सागे’त आहे. सागा म्हणजे जुन्या नॉर्स भाषेतील गद्य आख्याने; आपल्या बखरींशी त्यांचे नाते सहज जुळावे. ही सागा लिहायला घेतली आइसलँडमधील थिंगेयरार मठाचा मठाधिपती कार्ल योन्सन याने. मात्र, काय लिहायचे हे राजा स्वतः जवळ बसून ठरवीत असे, असे प्रस्तावनाच सांगते.

स्वेरे फेरो बेटांवर वाढला आणि धर्मगुरू झाला. सागेनुसार, त्याची आई गुनहिल्ड रोमच्या यात्रेला गेली असता तिने पापाची कबुली दिली : स्वेरेचा पिता तिचा पती नसून, ११५५ मध्ये मारला गेलेला राजा सिगुर्ड मुन होता. ११७६ मध्ये स्वेरे नॉर्वेत आला. तेव्हा गादीवर होता मॅग्नस एरलिंगसन. त्याचा हक्क आईकडून आलेला. पण आर्चबिशपने त्याला राज्याभिषेक केला होता आणि त्याचे वडील एरलिंग स्काके हेच खरे सत्ताधीश होते.

स्वेरेला साथ मिळाली ती ‘बिर्केबाइनर’ बंडखोरांची. दारिद्र्यामुळे पायांना बर्च झाडाची साल गुंडाळणारे, म्हणून हे नाव. ११७७ मध्ये त्यांचा नेता लढाईत पडला आणि उरलेल्या मूठभर लोकांनी स्वेरेला पुढे केले. ११७९ मध्ये आजच्या ट्रॉन्हाइमजवळ एरलिंग मारला गेला. १५ जून ११८४ रोजी फिमराइटे येथे आरमारी लढाई झाली. मॅग्नसची जहाजे अधिक होती. पण स्वेरेने ती एकेक करून गाठली. जिंकल्या गेलेल्या जहाजांवरील सैनिक शेजारच्या जहाजांवर उड्या घेऊ लागले आणि त्या भाराने तीही बुडाली. मॅग्नसलाही जलसमाधी मिळाली.

सागेत स्वेरेला वारंवार स्वप्ने पडतात. एकात प्रेषित सॅम्युएल त्याला अभिषेक करतो. ही स्वप्ने निव्वळ अलंकार नव्हेत. चर्चचा आशीर्वाद प्रतिस्पर्ध्याकडे असताना, आर्चबिशपहून श्रेष्ठ असा साक्षीदार स्वेरेला हवा होता.

त्याच्या जन्मकथेवर इतिहासकारांनी शंका घेतली आहे. चर्चच्या नियमानुसार धर्मगुरूची दीक्षा तिसाव्या वर्षापूर्वी मिळत नसे. तो पाळला गेला असेल, तर स्वेरेचा जन्म ११४६ च्या सुमारास वा त्याआधीचा ठरतो. सिगुर्ड मुन मात्र ११३३ मध्ये जन्मलेला! अर्थात, नियमाला मुरड घातली गेली नसेलच असे नाही.

चर्चने स्वेरेला बहिष्कृत केले, तरी सत्ता त्याच्या हातून गेली नाही. ११९४ मध्ये बिशपांकडून त्याने राज्याभिषेकही करवून घेतला. १२०२ मध्ये मृत्युशय्येवर त्याने आपला चेहरा उघडा ठेवण्यास सांगितले. शापाची काही खूण उमटते का, हे मित्र-शत्रूंनी पाहावे म्हणून. पुढे त्याचा नातू होकोन याने १२६३ पर्यंत राज्य केले. स्वेरेचे रक्त राजघराण्याचे होते की नाही, हे कोडे सुटलेले नाही. त्याच्यानंतर मात्र त्याचेच रक्त राजघराण्याचे ठरले.