जाळरेषेवरचा दिवस

पहाटे ५.३०
सुन्ना, टिपेश्वर अभयारण्याच्या कडेचं गाव. फेब्रुवारीचा पहिला आठवडा. मावशी चुलीवर भाकरी भाजते. शेजारी वनखात्याच्या जन-वन विकास योजनेतली गॅसची शेगडी, स्वच्छ पुसलेली. सिलिंडर संपलंय. "भरू मंग," ती म्हणते. कापसाचे पैसे आले की.

सकाळी ७.००
नाक्यावर मावशीसह अकरा जणांची हजेरी. वनरक्षकाला जुनी माणसं अजून नाकेदारच म्हणतात. "माचिस?" तो विचारतो. "नाई जी. खर्रा हाय." सुपारी-तंबाखूची वीस रुपयांची पुडी, तिघांत. बिडीपेक्षा बरा, ठिणगी पडत नाही, एवढाच त्याचा गुण.

७.४५
विळे, दाताळी, दोन ब्लोअर. जाळरेषेच्या, म्हणजे आग अडवणाऱ्या मोकळ्या पट्ट्याच्या, दोन्ही कडांचं गवत कापायचं, पाला झाडून मधे ओढायचा, वाळला की मधला पट्टा जाळायचा. १५ फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू होतो, १५ जूनपर्यंत. त्याआधी रेषा काळी व्हायला हवी. पण सागाला तारीख कळत नाही. काल झाडलेल्या पट्ट्यावर आज पुन्हा पानं, पापडासारखी वाजणारी. ब्लोअरवाल्या पोराचे खांदे पट्ट्यांनी सोललेत. वाघाचं रान, कोणी एकटं मागे राहत नाही. मावशी मोठ्यानं बोलत राहते, मुद्दाम.

११.३०
भाकरी, ठेचा, कांदा. ब्लोअरवाल्या पोराचा भाऊ फौजेत, नगरला. "तिकडं के. के. रेंजवर रणगाडे गोळे टाकतात. लाल झेंडा लागला का गुरं आत न्यायची नाई."
"अन् गवत पेटलं तं?"
"फौज हाय ना."
मावशी हसते. "मोहाखालचा पाला मीच पेटवत होती. फुलं दिसाले पाहिजेत ना. आता झाडून घेतो."
हे ती नाकेदारासमोरच सांगते. तोही मान हलवतो.

दुपारी २.००
विळ्याची धार गेली. दगडावर घासणं. मजुरी खात्यात येते. काढायला पांढरकवड्याला जायचं, ऑटोचं भाडं वेगळं, दिवस बुडतो तो वेगळाच.

५.३०
उन्हं उतरली. नाकेदार मोबाईल खिशात टाकतो. "मावशी, पेटवू का?"
ती मूठभर माती वरून सोडते. माती तिरपी पडते.
"थांबा जी."
सगळे थांबतात. पाऊण तास.

६.१५
आता माती सरळ पडली. आग बुटकी, वाऱ्याविना, पट्ट्यातच सरकते. दोन्ही कडांना हिरव्या फांद्या घेऊन माणसं उभी.

७.३०
काळी रेषा. परतताना मावशीला एक ओंडका धुमसताना दिसतो. सगळे पुढे निघालेत. ती हाक मारून दोघांना थांबवते आणि माती टाकायला मागे फिरते.